लेमोनियाच्या मनगटांवरची गाठ

कल्पना करा, तुम्हाला एक कवटी धुवायची आहे.

घाबरू नका, परक्या कोणाची नाही. शेजारच्या काकांची. लहानपणी अंजिरं चोरताना ज्यांनी तुमचा कान पिळला होता आणि मग खिशात अंजिरं कोंबून घरी पाठवलं होतं, त्यांची. समोर परात आहे, परातीत कोमट पाणी, बाजूला तांबड्या वाइनची बाटली. डावा तळवा खाली घ्यायचा, न्हाऊ घालताना तान्ह्या बाळाचं डोकं धरतात तसा. डोळ्यांच्या खाचांतली माती अंगठ्याने हळूच ढकलायची. बोट आत घालून फिरवायचं नाही, तिथलं हाड कागदाइतकं पातळ असतं. मग कपाळावरून वाइन ओतायची, धार न तोडता. आणि हे करताना बोलत राहायचं. नातवाचं लग्न झालं, छपराला नवे पत्रे घातले, तुमचा लाडका घोडा शेवटी विकला. मुकाट्याने धुतलं तर मेलेल्याला वाटतं, आपण अनोळखी माणसांच्या हाती लागलोय.

जमेल?

माझ्या असिमिनामावशीला जमायचं. ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातल्या आमच्या गावात तिने निम्म्या गावाला असं धुतलंय. आमची दफनभूमी चर्चच्या मागच्या उतारावर, अंगणाएवढी. खाली कडा, वर खडक, वाढवायला जागाच नाही. म्हणून तीन-चार वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं धुऊन उन्हात वाळवायची, पेटीत घालून चर्चला लागून असलेल्या हाडांच्या खोलीत फळीवर ठेवायची. कबर पुढच्याला मोकळी. माती उकरायचं काम स्तेरियोसचं, धुण्याचं मावशीचं.

हाडं वर आली की सगळे आधी रंग बघतात. मेणासारखी पिवळसर असली की बायका सुस्कारा टाकतात, माणूस सुखाने गेला. काळपट असली की कोणी काही बोलत नाही. आणि कधीतरी, फार क्वचित, देह विरघळलेलाच नसतो. मग पुन्हा माती लोटायची आणि गावाने महिनोन्‌महिने कुजबुजायचं, कोणाचा शाप होता, कोणाची क्षमा मागायची राहिली होती. अशा वेळी मावशी घरच्यांना बाजूला घेऊन म्हणायची, "शाप-बिप काही नाही गं. माणूस जाताना काहीतरी मुठीत धरून गेलाय. मूठ उघडायला वेळ लागतो, एवढंच."

तिला हे म्हणायचा अधिकार होता असं सगळ्यांना वाटायचं, कारण तिच्या मुठीत काहीच नव्हतं. नवरा तरुणपणीच गेला. बकऱ्या होत्या, त्या दिराला दिल्या. उपास सगळे पाळायची, बुधवार-शुक्रवार तेलसुद्धा नाही. उपासनेत एक जागा येते, जिथे पापा-झिसिस, म्हणजे आमचे पाद्री, म्हणतात की आपण स्वतःला, एकमेकांना आणि आपलं सगळं आयुष्य ख्रिस्ताच्या हवाली करू या; त्यावर सगळ्या चर्चने म्हणायचं असतं, "तुझ्या हवाली, प्रभू." बाकीचे ते जांभई देता देता म्हणतात. मावशीचा आवाज मात्र त्या तीन शब्दांना छतापर्यंत जायचा. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, ती खरंच काहीतरी वर फेकतेय.

मग तिची लेमोनिया अक्रोडाच्या झाडावरून पडली.

ऑक्टोबरात काठीने अक्रोड झोडायला गावातल्या मुली वर चढतातच. लेमोनिया तर माकडासारखी चढायची. ती मावशीची एकुलती एक, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. पडली तेव्हा तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. नुसती झाडाखाली उताणी पडलेली, आणि अक्रोड अजून तिच्याभोवती टपटपत होते.

त्याला आठ वर्षं झाली होती. तिची कबर अजून उघडली नव्हती.

"पुढच्या वसंतात," मावशी म्हणायची. पुढचा वसंत आला की म्हणायची, "माती ओली आहे अजून." गावातल्या प्रत्येकाच्या मेलेल्याला हात लावणारी बाई स्वतःच्या मुलीच्या कबरीपाशी फक्त दिवा लावून परतायची. आणि आणखी एक गोष्ट, जी माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आली होती की नाही कोण जाणे: "तुझ्या हवाली, प्रभू" म्हणायची वेळ आली की ती आता ओठ मिटून उभी राहायची.

त्या उन्हाळ्यात पोलिक्सेनीचा नवरा अंथरुणाला खिळला. पोलिक्सेनी म्हणजे मावशीच्या समोरची, जिभेला हाड नसलेली बाई. एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिने मावशीला गाठलंच.

"असिमिना, तुझी लेक तिथे भाडं भरून राहते का गं?"

"काय म्हणायचंय तुला?"

"हेच, की माझ्या म्हाताऱ्याला काय छपरावर पुरू? स्तेरियोस म्हणतो एक जागा मोकळी नाही. सगळ्यांच्या कबरी वेळेवर उघडल्या, तुझी तेवढी अडलेली. लोकांची हाडं घासताना तुला माती ओली लागत नाही ती!"

"तुझा म्हातारा मेलाय का?"

"मेला नाही. पण मेल्यावर त्याला रांगेत उभा करू का?"

पायऱ्यांवर चार जण हसले. मावशी हसली नाही. ती रेलिंगच्या आधाराने खाली उतरली, आणि मी पाहिलं की तिने ते बोटांनी धरलेलं नाही, मुठीची कड नुसती वर टेकवलीय. तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात वळलेली होती आणि उघडत नव्हती.

मी तिला यानिना शहरात डॉक्टरकडे घेऊन गेले. तळव्याच्या कातडीखालचा पडदा आखडतो, म्हणाले, या वयात होतं, वर्षभरात बाकीची बोटंही वळू शकतात, शस्त्रक्रिया करता येईल. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. जिन्यात मला विचारलं, "कधीपासून सुरू झालं, ते नाही विचारलं त्यांनी?"

"कधीपासून?"

"लेमोनियाला पुरून घरी आले त्या दिवसापासून," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मी यानिनाच्या पाणीपुरवठ्यात काम करते. नळ, पाइप, दाब, गळती. सुटीला गावी आले की अर्ध्या गावाचे नळ माझ्याकडून दुरुस्त करून घेतात, कॉफी आणि चीजपाईच्या बदल्यात. म्हणून ऑगस्टमध्ये मावशी म्हणाली, "दुपारचा नळ आपोआप सुटतो, बघ जरा," तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. वॉशर झिजलं होतं. बदललं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजही."

मी अख्खा नळच बदलला. नवीन, पाव फेऱ्याचा, आत चिनी मातीच्या चकत्या. तो आपोआप गळेल एकवेळ, पण आपोआप उघडत नाही. उघडायला दांडी फिरवावीच लागते.

तिसऱ्या दिवशी मी जेवून तिच्याकडेच थांबले.

आमच्याकडे उन्हाळ्यात जेवणानंतर गाव मरतं. खिडक्यांच्या झडपा बंद, कुत्री भिंतीच्या सावलीत, रस्ता पांढरा. त्या वेळी झऱ्यावर कोणी जात नाही आणि अक्रोडाखाली कोणी झोपत नाही. माझी आजी म्हणायची की रात्रीपेक्षा ही वेळ वाईट, कारण रात्री माणूस निदान दिवा तरी लावतो. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. झडपांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. मागच्या दाराबाहेर दगडी मोरी आहे, तिथला तो नळ. दार बंद होतं.

मावशी वाटाणे सोलत होती, डाव्या हाताने. ती मधेच थांबली.

आधी एक थेंब. मग बारीक धार दगडावर पडल्याचा आवाज. मी उठणार तोच तिने माझं मनगट धरलं. धारेचा आवाज बदलला. तुम्ही कधी ऐकलंय का, पाण्याखाली हात धरला की दगडावर पडणाऱ्या पाण्याचा आवाज कसा दबतो आणि पसरतो? तसा. थोडा वेळ तसाच राहिला. मग पुन्हा नुसती धार.

मी दार उघडलं. ऊन, मोरी, नळाची दांडी फिरलेली, पाणी वाहतंय. कोपऱ्यातल्या तुळशीच्या डब्यावर ओले शिंतोडे. दुसरं काही नाही.

मी नळ बंद केला. मग उगाच दांडी दोनदा हलवून पाहिली.

"ऐकलंस?" मावशी आतूनच म्हणाली.

"पाइपात हवा असेल. दाब कमी-जास्त होतो या वेळी..."

"दोन्ही हात एकदम गेले," ती म्हणाली. "तू हात धुताना बघ. एक आधी जातो, दुसरा मागून. हे दोन्ही एकदम, रोज. बांधलेले हात असेच धुतले जातात."

मी तिच्यासमोर बसले. तिने वाटाण्यांचं भांडं बाजूला ठेवलं.

इथे एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे माणूस गेला की हात छातीवर एकावर एक ठेवून पांढऱ्या फितीने बांधतात, नाहीतर ते घसरतात. पायही तसेच. पण शवपेटी बंद करण्याआधी घरच्या माणसाने त्या गाठी सोडायच्या असतात, न चुकता. पाद्री विचारतात, "सोडल्या?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय झाकण बसत नाही. गाठ राहिली तर माती त्या माणसाला घेऊ शकत नाही आणि तो दाराशी घुटमळत राहतो, असं म्हणतात.

"पापांनी मला विचारलं," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, सोडल्या. पायांची सोडली होती."

"आणि हातांची?"

"फुलं होती ना वर. कोणाला दिसली नाही."

"विसरलीस?"

"विसरेन कशी? मीच बांधली होती, माझ्या हाताने, घट्ट." ती आपल्या वळलेल्या बोटांकडे बघत होती. "मला वाटलं, माती घेणार नाही असं म्हणतात ना? तर न घेवो. सगळं घेतलं देवाने माझं, मी कधी हात आखडला का? नवरा नेला, तरी म्हटलं तुझ्या हवाली. पण हिला नाही. सगळ्यांसमोर दिली आणि फुलांखाली हळूच ठेवून घेतली."

बाहेर नळ गप्प होता.

"आणि ती खूश नाही, पोरी," मावशी म्हणाली. "आठ वर्षं माझी पोर हात बांधून उभी आहे दाराशी. मला माहीत आहे आणि मी वाटाणे सोलतेय."

मला विचाराल तर मी तेव्हाही म्हणत होते की पाइपात हवा होती. पण त्या दिवसानंतर मी त्या मोरीवर हात धुतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पापा-झिसिसकडे गेलो. ते मधमाश्यांच्या पेट्यांपाशी होते, डोक्यावर जाळी, हातात धुराचं भांडं, झग्याचं टोक कमरेला खोचलेलं. साधा, बायकामुलांचा माणूस; आमच्या पंथात पाद्री लग्न करतात. प्रवचन छोटं आणि मध चांगला, अशी त्यांची ख्याती. मावशीने सगळं सांगितलं, माश्या भणभणत असताना, उभ्याउभ्या. मी थोडी लांब उभी राहिले, पण ऐकू येत होतं.

पापांनी जाळी वर केली. "खोटं बोललीस माझ्याशी, कबरीच्या तोंडाशी."

"हो."

"मला वाटलंच होतं काहीतरी. तू चर्चमध्ये बोलायची थांबलीस ना, तेव्हा. माझी बायको म्हणाली, असिमिनाचा घसा बसलाय. घसा आठ वर्षं बसत नाही."

"मी स्वतःला देऊन टाकलंय, पापा. ते खोटं नाही."

"माहीत आहे. पण आपण तिथे 'एकमेकांना' असंही म्हणतो, असिमिना. स्वतःला द्यायला काय लागतं? आपण थकलेलेच असतो." त्यांनी धुराचं भांडं खाली ठेवलं. "खरं सांगू? मी तो शब्द नेहमी पटकन उरकतो. माझा थोरला जर्मनीत ट्रक चालवतो, बर्फात. तो शब्द सावकाश म्हणायची माझी छाती होत नाही. बाकी सगळं मी ताणून म्हणतो."

मावशी पहिल्यांदा थोडी हसली. "म्हणजे तुम्हीसुद्धा फुलांखाली."

"मीसुद्धा फुलांखाली."

एक माशी मावशीच्या बंद मुठीवर येऊन बसली, फिरली, आत शिरायला वाट शोधू लागली. मावशीने हात हलवला नाही.

"कबर उघडा," ती म्हणाली. "पण एक अट. गाठ मी सोडणार. ज्या हाताने ठेवली त्याच हाताने. तोवर कोणी हात लावायचा नाही. आणि जर ती... जर तशीच असेल तर लोकांना सांगा की तिचा दोष नाही. माझा आहे."

"तुझी बोटं वळलीत, बाई."

"म्हणूनच," मावशी म्हणाली.

शनिवारी सकाळी उघडायचं ठरलं. मला वाटलं होतं पोलिक्सेनी तोरा मिरवत येईल. ती आली ती घरच्या वाइनची बाटली आणि घरच्या संदुकीतलं न वापरलेलं पांढरं कापड घेऊन. मावशीच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काल रात्री म्हाताऱ्याने सूप मागितलं. घाई नाही गं. हवं तर अजून एक वर्ष राहू दे."

"नको," मावशी म्हणाली.

स्तेरियोस उकरू लागला. तो एरवी काम करताना बडबडतो. मेलेल्यांना टोमणे मारतो, "चल रे थानासिस, जिवंतपणी लवकर उठला नाहीस, आता तरी ऊठ." त्या दिवशी तो गप्प होता. सकाळ छान होती, आकाश स्वच्छ, खालून मेंढ्यांच्या घंटा. आणि तरी मला आठवतं की फावड्याच्या आवाजाशिवाय तिथे दुसरा आवाजच नव्हता असं वाटत होतं. लेमोनियाच्या कबरीवरचा दिवा बाजूला काढून ठेवला होता. वारा नव्हता, पण त्याची ज्योत एका बाजूला वाकलेली होती, मोरीच्या दिशेला, म्हणजे मावशीच्या घराच्या.

कुजलेलं लाकूड लागलं. स्तेरियोसने फावडं टाकलं, खुरपं घेतलं, वरची भुसभुशीत माती आणि फळ्यांचे तुकडे बाजूला काढले. मग तो थबकला.

"काय?" पापांनी विचारलं.

"विरघळलीय," स्तेरियोस म्हणाला. "पण..."

"बाहेर ये," मावशी म्हणाली.

"अगं मावशे, डोकं आधी काढतात. रीत आहे."

"बाहेर ये म्हटलं ना!"

तो बाहेर आला. मावशी खाली उतरली, काळ्या झग्यानिशी, गुडघे टेकून. आम्ही सगळे काठावर वाकलो.

हाडं मेणासारखी होती. स्वच्छ, पिवळसर, मावशीने आजवर धुतलेल्या कोणाहीपेक्षा चांगली. मागे पोलिक्सेनी रडू लागली, "मेणासारखी आहे, असिमिना! बघ, मेणासारखी!" पण मावशी रंग बघत नव्हती. तिचा डावा हात छातीच्या हाडांवरून फिरत होता, जिथे बांधलेली मनगटं असायला हवीत. तिथे मनगटं नव्हती.

फीत होती. पांढरी, साटिनची, मातीने नुसती मळलेली. गाठ जशीच्या तशी, घट्ट. फास पुरा, कुठे कापलेला नाही, उसवलेला नाही. आणि आत काहीच नाही.

हात तिथे नव्हतेच. ते दोन्ही बाजूंना होते, खांद्यांपासून लांब पसरलेले, कोपरं किंचित वाकलेली, तळव्यांची बारीक हाडं आकाशाकडे. वेदीपुढे पापा प्रार्थनेला हात वर करतात ना, अगदी तसे.

स्तेरियोसने टोपी काढली. "मी एवढ्या कबरी उघडल्या, पण असं..." तो छातीवर क्रूसाची खूण करत राहिला.

"तू हलवलेस का हात?" मी विचारलं.

"मी? अगं, तू वरून बघत होतीस ना!"

मी बघत होते. त्याने हलवले नव्हते.

मावशीने फीत उचलली. तिने ती बराच वेळ वळलेल्या बोटांवर अडकवून धरली, जणू कोणी तिला काहीतरी परत केलंय आणि ते ठेवायचं कुठे हे तिला कळत नाहीये. मग ती झग्याच्या खिशात घातली आणि कवटी उचलली. डावा तळवा खाली, बाळाचं डोकं धरतात तसा. वर आल्यावर परातीपाशी बसली आणि धुऊ लागली. आम्ही सगळे वाट बघत होतो की ती आता बोलेल. सगळ्यांशी बोलायची ती. आठ वर्षांत सांगण्यासारखं किती झालं होतं.

ती एक शब्द बोलली नाही. शेवटी पोलिक्सेनीच पुढे आली, तिच्याजवळ उकिडवी बसली आणि कवटीला म्हणाली, "लेमोनिया, काकाकडच्या तुझ्या त्या करड्या शेळीला तिळे झाले होते, माहीत आहे का तुला? आणि तुझ्या मावसबहिणीने अजून लग्न केलं नाही, नळांशी खेळत बसते." बायका रडता रडता हसल्या. मावशी वाइन ओतत राहिली, धार न तोडता.

मला कारण माहीत आहे. आमची दफनभूमी झऱ्यावर आहे. वसंतात बर्फ वितळलं की त्या उतारात पाणी वर चढतं, शवपेट्या भरतात आणि रिकाम्या होतात. देह सुटत जातो, हाडं बारीक, फास सैल, पाणी हात तरंगवतं आणि बाजूला नेऊन ठेवतं. मी हे मावशीला त्याच आठवड्यात समजावून सांगितलं, कागदावर काढूनसुद्धा दाखवलं. तिने कागद नीट बघितला.

"असेल," ती म्हणाली. "पाणी तर ते होतंच."

लेमोनियाची पेटी आता फळीवर आहे, खिडकीजवळ. पोलिक्सेनीचा नवरा अजून जिवंत आहे आणि चीज मागतो. मोकळ्या झालेल्या जागेत सध्या रानगवत वाढलंय. मावशीचं मधलं बोटही आता वळू लागलंय. शस्त्रक्रियेची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली.

नळ वाजत नाही. त्या शनिवारनंतर एकदाही नाही. मला हायसं वाटलं, तिला नाही. गेल्या खेपेला मी दुपारची गेले तर ती त्याच अंधाऱ्या स्वयंपाकघरात, त्याच खुर्चीवर बसली होती, मागचं दार सताड उघडं. मांडीवर ती फीत होती आणि ती गाठ सोडत होती. डाव्या हाताच्या नखांनी, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी, मधेच दातांनी. आठ वर्षं मातीत राहिलेली गाठ, दगड झालेली.

"मावशी, सुरी देऊ का?"

"कापायची नाही. सोडायची आहे."

"पण आता आत कोण आहे? ती तर केव्हाच गेली."

"तेच तर." तिने फीत उजेडात धरली. उन्हाच्या पट्टीत तो रिकामा फास जमिनीवर मोठा दिसत होता, आणि मला उगाचच वाटलं की तो किंचित हलतोय. "रविवारी पापांनी तो शब्द म्हटला. सावकाश म्हणाले या वेळी, आवाज कापत होता त्यांचा. सगळे म्हणाले, तुझ्या हवाली, प्रभू. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं."

"का?"

"काय देऊ म्हणून?" ती म्हणाली. तिने गाठीत नख घालून पाहिलं. हललं नाही. बाहेर मोरी कोरडी होती, ऊन मावशीच्या पायांपर्यंत आलं होतं, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू शहरात शिकून आलेल्या कोणाला तरी हे माहीत असेल.

"मी दिली नाही, पोरी. मी धरून ठेवली होती आणि त्याने गाठही न सोडता तिला नेली. तर मग जे त्याने आधीच नेलंय, ते मला अजून देता येईल का गं?"